पहिली दोन मिनिटं

पहिल्या चौकटीत काळोख हवा, हे आधीच ठरलेलं.
काळोखात श्वास. मग नळ ठिबकल्याचा आवाज.
मग एकच दिवा, उघडा, तारेला लटकणारा.
मिस ऑल्ड्रॉइडनी फळ्यावर यादीच काढली होती:
हाताला पट्टी, दोरीवरच्या उड्या, डोक्यावर ओढलेलं हुडी,
भिंतीवर जुन्या लढतीचं पोस्टर, एक कोपरा सुटलेला.
नायक एकटा. नायक गरीब. बाप शक्यतो वारलेला.
"हे सगळं वापरा," त्या म्हणाल्या, "आणि एक संकेत मोडा.
कोणता मोडलात ते तक्त्यात लिहा. शुक्रवारपर्यंत."

ग्रिम्सबीत गरीब दिसायला फार खर्च येत नाही.
गोदीमागे टायरच्या दुकानावर जिम आहे.
जिना चढताना रबराचा आणि हॅडॉकचा
एकच वास होऊन येतो,
तो कॅमेऱ्यात येत नाही.
दिवासुद्धा लटकत नव्हता, ट्यूब होत्या, सहा.
आम्ही त्या मालवल्या
आणि घरून आणलेला बल्ब टांगला.

फिन्लीला घेतलं ते त्याच्या जबड्यासाठी.
आयुष्यात तो एकदाच हातघाईवर आलाय,
बसमध्ये, सख्ख्या बहिणीशी, खिडकीच्या जागेवरून.
त्याचा वारलेला बाप आम्हाला गाडीने सोडून
खाली चिप्स खात थांबला होता.

माइक लॉर्नाकडे.
तिने मागितला नव्हता. उंच आहे, म्हणून दिला.

तीन तास.
दोरी फिन्लीच्या पायात, फिन्ली दोरीत.
घाम झाडांवर फवारायच्या बाटलीतला.
पट्टी तर तो अशी गुंडाळायचा
जशी भाजलेल्या बोटाला आजारी माणूस स्वतःच गुंडाळतो.
मी म्हणत होतो, छान, आणखी एकदा,
आणि मला कळत होतं की छान नाहीये.

सहाला स्टॅनिफोर्थ किल्ल्या घेऊन वर आला.
दारातच थांबला. पट्टीकडे पाहत राहिला,
कुणी भाकरी उलटी थापावी तसा.
"अंगठा आधी," म्हणाला. मग, न वळता,
"लॉर्ना, ये. दाखव याला."

आम्ही सगळे लॉर्नाकडे बघायला लागलो.
नवव्या वर्षापासून, मंगळवार आणि गुरुवार.
आम्ही कधी विचारलं नव्हतं.
फळ्यावरच्या यादीत असं काही नव्हतं.

तिने माइक बाकावर ठेवला, चालूच.
हात पुढे केला, बोटं फाकवून.
म्हातारा गुंडाळत गेला: अंगठ्यात फास,
मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या बेचक्यांतून,
टिचभर बोलणं नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
ही झाकली जाताना मी पाहत होतो
आणि दर वेढ्याला हिशेब वाढत होता.
बॅगवर तिने एकच ठोसा मारला.
बॅग हलली नाही, आत दुमडली.
कॅमेरा माझ्या हातात होता,
कोणाकडे रोखलेला ते मला आठवत नाही.

"तोंड नको दाखवूस," नंतर ती म्हणाली.
"आईला वाटतं, मी पोहायला जाते."

आता रात्री कापायला बसलोय.
पडद्यावर फिन्लीचा जबडा, बल्बखाली, देखणा.
श्वास मात्र लॉर्नाचा आहे,
माइक सगळा वेळ तिच्याच छातीजवळ होता.
तो मी बदललेला नाही.
मग तिचे हात, म्हाताऱ्याचे हात,
घंटा, काळोख, पांढऱ्या अक्षरात नाव.
एक मिनिट अठ्ठावन्न.

"मोडलेला संकेत" हा रकाना कोरा आहे.

नळाचा आवाज आम्ही सोळा वेळा घेतला होता.
वायसर गेलाय त्याचा, थांबतच नाही.
निघताना लॉर्ना त्याच नळाखाली वाकली,
केस ओले केले, कानामागचेही, नीट,
मान झटकली,
आणि टॉवेल गळ्यात टाकून
जिना उतरून गेली.
तेव्हा कॅमेरा पिशवीत होता.