पद्मावती येईपर्यंत

चार मिलिमीटर. पेन्सिलीमागच्या रबराहून बारीक.
भोंडवेंच्या डाव्या कोपराची कातडी
फॉर्मॅलिनच्या डबीत बुडून माझ्या टेबलावर आली.
डबीवर नंबर, आणि चिठ्ठीवर तुंगारे मॅडमचं तिरकं अक्षर :
पुन्हा. त्याच जागी.

सव्वीस वर्षं मी माणसं अशीच बघते,
मेणात बसवून, पारदर्शक चकत्या कापून,
कोमट पाण्यावर पसरून, ब्रशनं उचलून.
रास्ता पेठेत दुसरा मजला, खिडकी उत्तरेला.
खाली वजनकाटे दुरुस्त करणारा मुलाणी
पारडं डोळ्यांसमोर धरतो,
फुंकर मारतो,
पुन्हा धरतो.

गुलाबी आणि जांभळा हे रोजचे रंग.
आज मॅडमनी तपकिरीही मागितला,
नेमक्या त्या पेशी उठून दिसाव्यात म्हणून.

वरच्या थरात त्या फांद्यावाल्या,
जन्माआधीच इथे येऊन बसलेल्या.
हात लांबवून पृष्ठभाग चाचपतात,
धूळ, हळद, निकेल, दुसऱ्या कुणाचा घाम,
आणि बहुतेक वेळा
कुणालाच काही सांगत नाहीत.
यालाही अक्कल लागते.

खाली केसांच्या मुळाशी दुसऱ्या.
तान्ह्या बाळाच्या पाठीवर लव येते,
लवेबरोबर जंतू येतात,
आणि जंतूंमागोमाग ह्या येतात, एवढंच म्हणायला की
असू दे, घरचेच आहेत.
एकदा म्हणून भागत नाही.
आंघोळ झाली की म्हणायचं,
दाढीचं पातं फिरलं की म्हणायचं,
झोपेत उशीवर गाल घासला, तरी.

भोंडवे भोसरीत प्लेटिंगच्या कारखान्यात
नळांच्या तोट्या आकड्यांना टांगतात.
मागच्या उन्हाळ्यात मलमानं चट्टा गेला,
तेव्हा लॅबमध्ये पेढे घेऊन आले होते.
"मुळापासून गेलं ना?"
मॅडम पेनाला टोपण लावत म्हणाल्या,
"कातडी विसरत नाही, भोंडवे."
खरंच नाही. भांडण मिटलं, सगळे पांगले,
तरी चारदोघी तिथेच घर करून राहतात,
जुनं सगळं तोंडपाठ.
मग डिसेंबरची कोरडी हवा, दरवाज्याची कड,
दोन रात्रपाळ्या लागोपाठ.
पुरतं तेवढं.

पण काचेवर मला आणखी एक दिसलं.
त्या लाल गर्दीच्या ऐन मध्यात
गप्प करणाऱ्याही होत्या, खांद्याला खांदा लावून.
पळाल्या नव्हत्या.
कमी पडल्या? की त्यांचं कुणी ऐकत नव्हतं?
तपकिरी रंगात ते कळत नाही,
आणि रिपोर्टात त्याला रकाना नाही.

तुलनेसाठी शेजारी निरोगी कातडीची काच लागते.
आमच्याकडे ती माझीच आहे,
सात वर्षांपूर्वी तीळ काढला, त्याच्या कडेची.
इतकी वर्षं ती नुसती जुळवून बाजूला ठेवायचे,
निरोगी म्हणजे तिथे बघण्यासारखं काही नाही, अशी समजूत.
आज भिंग वाढवलं.
तिथेही वस्ती होती.
सगळ्या होत्या, भांडायला येणाऱ्याही,
आणि काही घडत नव्हतं.
काही घडू नये म्हणून
केवढं काय काय चाललेलं.

संध्याकाळी स्टॉपवर नागझरीच्या बाजूनं आलेला डास
मनगटाच्या वर चावला.
स्वारगेटला गांधी रुपयाएवढी.
खाजवायचं नाही म्हणून हात मांडीखाली दाबून बसले.
शेजारची बाई म्हणाली, चुना लावा. मी मान हलवली.
लक्ष्मीनारायणला कड पुसट झाली,
आतून कुणीतरी कुणालातरी खाली बसवत असावं.
पद्मावती आली तेव्हा
जागा बोटानं शोधावी लागली.

भोंडवेंचा रिपोर्ट उद्या टाइप करायचा आहे.