एकाहत्तर

तिसऱ्या भेटीला हिनेवाई मोजपट्टी घेऊन आली.
बाथरूमचं दार: अडुसष्ट सेंटिमीटर.
खुर्ची: एकाहत्तर.
"तीनच," तविता म्हणाला. "तेवढ्यासाठी
आईनं मला रोज बिछान्यात पुसून काढायचं?"

तिनं फॉर्मवर लिहिलं: दार, उतरण, कठडा.
पाइन अंगावर आला त्या सकाळचं
आज विचारलं नाही.

कुत्रा चाक हुंगत राहिला,
अजून ओळख पटेना.

टोकोरोआत लवकर अंधारतं. ती उठली, तर म्हणाला,
करवतीला तेल हवंय. गंजेल.
याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

ती शेडमध्ये गेली,
करवत आणून त्याच्या मांडीवर ठेवली.
मांडीला वजन कळलं नाही.
हातांना कळलं.

"आई," तो ओरडला,
"तेलाची बाटली कुठं टाकलीस?"