बीरान कोयांची कूस

बेपूरच्या धक्क्यामागे तिसरी गल्ली, निळा दरवाजा.
दर मंगळवारी आमची जीप तिथे थांबते:
नर्स वनजा, कॉलेजातला निहाल,
आणि मी, पंचायतीच्या करवसुलीतून निवृत्त,
जिला घरी दुपार खायला उठते.
फॉर्मवर मात्र मी 'सेवेची आवड' असं लिहिलं होतं.

शाळेच्या वर्गात तीन दिवस प्रशिक्षण झालं.
ऐकावं कसं, गप्प बसावं कसं,
'सगळं ठीक होईल' हे वाक्य
तोंडातल्या तोंडात कसं गिळावं.
बाकं पहिलीच्या मुलांची. गुडघे दुखले, तेवढं आठवतं.

बीरान कोया खलाशी.
समुद्रावर जाणारे नव्हेत.
लाकडी उरू बांधून झालं की
शेकडो टनांचं ते धूड
दोरखंड, कप्प्या, ओंडके आणि माणसं एवढ्यावर
इंचाइंचानं नदीत उतरवणारे.
आता कण्यात गाठ. कमरेखाली शरीर परकं.
दर दोन तासांनी कूस बदलायची,
नाहीतर पाठ चिघळते.

पहिल्या दिवशी मी आणि निहालनं
काखेत हात घालून त्यांना ओढलं.
ते ओरडले नाहीत. छताकडे बघत म्हणाले,
"वजनाशी भांडतात का कधी?"

मग त्यांनीच शिकवलं.
आधी हात नुसता ठेवायचा,
वजनाला कळू द्यायचं की आपण आलोय.
चादरीची टोकं मुठीत, कोपर अंगाशी.
श्वास मोजायचा, त्यांचा, आपला नव्हे,
तो सुटला की हलवायचं.
"जहाज ढकलल्यानं उतरत नाही.
त्याला जायचंच असतं पाण्यात.
ते घाई करणार नाही, एवढंच आपण बघायचं."
वनजा तेव्हा मॉर्फिनच्या गोळ्या मोजत होती.
आकडा चुकला. तिनं पहिल्यापासून मोजल्या.

मुलगा शारजाहून रोज फोन करतो.
"दुखणं शून्य ते दहात किती, बाप्पा?"
"तीन," ते म्हणतात.
फोन ठेवला की वनजाकडे बघून:
"सात लिही."

त्यांची बायको, इम्बिच्चीबी,
आठ महिने उंबऱ्याबाहेर नाही.
मी धीर द्यायला गेले तर म्हणाली,
"धीर आहे घरात. तू तासभर बसतेस का इथे?"
आणि साबण घेऊन न्हाणीत गेली.
आली ती ओले केस पाठीवर सोडून,
नाकाचा शेंडा लाल.
रडली असेल, किंवा नुसतंच
खूप पाणी घेतलं असेल अंगावर.
मी विचारलं नाही.
प्रशिक्षण तेवढं कामाला आलं.

ते गेले बुधवारी, आमचा वार नसताना.
जब्बारच्या रिक्षानं मी एकटीच पोचले.
दुपारी पुरुष मय्यत घेऊन मशिदीकडे निघाले.
खांदा द्यायला पुढे झालेले दोघे जुने खलाशी;
गल्लीच्या वळणावर त्यातला एक
सवयीनं म्हणाला, "सावकाश, डावीकडून."
इतक्या हलक्या ओझ्याला.

घरात बायका, काळा चहा,
कोणाचं तरी तान्हं मूल, कोणाची तरी चप्पल हरवलेली.
शेजारीण विचारत होती, पाण्याची गादी
परत द्यायची की कसं?
हो, धुऊन, म्हणाले मी. पुढचं घर ठरलंय तिचं.

चार वाजले. इम्बिच्चीबी
बोलता बोलता उठली.
मीही उठले.
कोणी काही म्हणायच्या आत आम्ही
खाटेच्या दोन बाजूंना उभ्या होतो,
चादरीची टोकं मुठीत, कोपर अंगाशी,
श्वास सुटायची वाट बघत.

चादर वर उडाली.
दोघींनी जोर जास्तच लावला होता.