दीड सूत

बॉनेट बसंना.
डाव्या अंगाला दीड सूत वर राहिलेलं.
हातानं दाबलं की बसायचं, हात काढला की
झोपमोड झाल्यासारखं उठायचं.

जालन्यात, भंगार गल्लीच्या तोंडाशी आमचं गॅरेज.
एप्रिल. वरचा पत्रा तापून टिकटिक वाजायला लागलेला.
सत्त्वशीलाबाई देशमाने सुमोच्या सावलीत,
ऑइलच्या पालथ्या डब्यावर.
बदनापूरहून रोज बारा पोरं आणतात शाळेत.
मागच्या आठवड्यात दुधनेच्या पुलावर
एका पोरीनं दप्तरावर मान टाकली, ती उचलेच ना.
"गार हवा पाहिजे. बाकी मला काही कळत नाही."
हे खोटं. बेल्ट कुठला ओरडतो ते
बाई माझ्याआधी सांगतात.

कंप्रेसर दुसऱ्याच गाडीचा,
सुमोहून वीस वर्षांनी धाकटा आणि दोन बोटं रुंद.
ब्रॅकेट लेथवर करून घेतलं. बेल्ट एका ओळीत आला.
पंखा मोकळा फिरला. मी शीळसुद्धा घातली.
आणि मग हे बॉनेट.

तेविसाव्या वर्षी माणसाला आधी ग्राइंडर आठवतो.
वायर प्लगात घातलीच होती,
तेवढ्यात गौसचाचा चुना चोळत आले.
"ए परमेसर, कहाँ लगता पूछा क्या उसकू?"
कोणाला?
"गाडी कू रे."

शेजारच्या खानावळीतून कणीक मागवली.
शेवंताबाईनं दारातूनच विचारलं,
"आता गाडीला पोळ्या घालायलाव का?"
चाचांनी लिंबाएवढे चार गोळे केले, तेलाचं बोट फिरवलं,
एक कंप्रेसरच्या डोक्यावर, एक ब्रॅकेटच्या टोकावर,
एक फिल्टरवर, एक पाइपाच्या नटावर.
बॉनेट अलगद टेकवलं. उचललं.

तीन गोळे जसेच्या तसे, गाल फुगवून बसलेले.
चौथा पापड झालेला,
मधून लोखंड डोकावत होतं.
नट!
सकाळपासून मी कंप्रेसरला शिव्या घालत होतो,
आणि त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर
बोटभर जागा होती.

"अब चालू कर. रेस दे."
इंजिन रबरावर बसलेलं असतं.
रेस दिली की कूस बदलणाऱ्या म्हशीसारखं
एका अंगावर कलतं.
मी ते कधी पाहिलंच नव्हतं, कारण मी बंद बॉनेटबाहेर
किंवा बंद इंजिनासमोर उभा राहायचो.
"सोते आदमी का नाप लेके
कुर्ता सिंवते क्या?"
म्हणजे दीडात आणखी एक सूत मिळवा. अडीच.

हिंजाखाली वॉशर टाकून बॉनेट उचलू, मी म्हणालो.
चाचा नुसते थुंकले. पान होतं म्हणा तोंडात.

मग पाइपाचं कोपर खालच्या तोंडाचं करून आणलं.
ब्रॅकेटची भोकं कानशीनं लांबवली,
कंप्रेसर थोडा खाली उतरवला,
ताण पुन्हा बघितला.
उरलं ते बॉनेटच्या आतल्या बरगडीतून काढलं,
चिंचेच्या मोगरीनं, वरच्या पत्र्याला पत्ता न लागू देता.
वायरी बांधून लांब नेल्या. एक पाइप तरीही
रेडिएटरच्या कडेला घासत होता,
त्याला सायकलच्या ट्यूबची बाही घातली.

अंधार पडता पडता
बॉनेट मिटलं.
धप्प नाही, ठप्प नाही, चुना-डबी मिटते तसं.
बाईंनी तीनदा उघडून मिटून बघितलं,
पैसे मोजले, पन्नास कमी दिले,
आणि काचा वर करून निघून गेल्या.
काचा वर! चाचा बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले.

तीन गोळे गल्लीतल्या शेळीनं खाल्ले.
चौथा मी ठेवला.
फीलर गेजच्या शेजारी, ड्रॉवरात,
वाळून दगड झालाय. नटाचे सहाही कोन
त्यात उमटले होते.
परवा बघितलं तर एक उंदरानं नेलाय.