खळं वाळेपर्यंत

बावीस वर्षं बोटीवर पाव भाजले.
कॅप्टन सदरंगानीला रात्री झोप नसायची.
मेसच्या हिरव्या गालिच्यावर स्टीलचा पेला आडवा ठेवून
तो चेंडू घालवत राहायचा,
मी उद्याचे तांदूळ निवडत बसायचो.
एकदा म्हणाला, ये, तूही मार.
मी मारला. बोट कलली. चेंडू पेल्यात.
"नशीब," तो म्हणाला. "आता हेच शंभरदा."

उतरताना त्याने हा पुटर दिला,
मुठीचं रबर त्याच्या अंगठ्याने झिजलेलं.
वेंगुर्ल्याच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला,
गळाची काठी काय?
मी म्हटलं, तसंच काहीसं.

इथे वायंगणीत हिरवळ कुठली.
आषाढात गुडघाभर गवत, दिवाळीनंतर कातळ.
पण खळं आहे.
पेटण्याने चोपलेलं, शेणाने सारवलेलं,
मुंगी चालली तरी तिची सावली दिसते.
पूर्वेच्या कोपऱ्यात करवंटी पुरली,
काठ जमिनीशी सारखा करून.
प्रभावती दारातून बघत होती.
"म्हातारपणात गोट्यो खेळतास?"
गोट्याच, म्हटलं. फक्त वाकायचं नाही.

दोन सुपाऱ्या ठेवतो,
मध्ये पुटरच्या तोंडाहून बोटभर जास्त जागा.
सुपारीला न शिवता त्यातून जायचं.
तीन पावलांवरून सलग दहा,
चुकला की पुन्हा एकपासून.
मान वर करायची नाही.
गेला की नाही ते कानांनी बघायचं:
करवंटीत पडला तर टक्,
नाही पडला तर नुसता समुद्र.

महिनाभर समुद्रच ऐकला.
सगळे चेंडू डावीकडे.
मनगट तपासलं, पाय, खांदे,
सुतळीला दगड बांधून ओळंबा टांगला
आणि त्याखाली डोळा धरून उभा राहिलो.
बोटीवर जमीनच हलायची,
तिथे दोष कुणाचा हा प्रश्न नव्हता.
इथे जमीन गप्प, म्हणजे चूक माझ्याच अंगात.

शेवटी तीच तांब्या घेऊन आली
आणि मधोमध ओतला.
पाणी जरा थांबलं, विचार केल्यासारखं,
मग माडाच्या आळ्याकडे निघालं.
"ह्यां खळां माडाकडे उतारता.
सारवतंय मी. माका कधी इचारलांस?"

मग गुडघे टेकून तिने दाखवलं,
तीन हजार चेंडू मारून मला न दिसलेलं:
बोटांचे फेर.
अर्धचंद्र, एकात एक,
उजव्या हाताने ओढलेले, सगळे डावीकडे वळलेले.
जोरात असेतो चेंडू माझा.
हळू झाला की तो तिच्या बोटांचं ऐकायचा.

आता चौकटीवर कोळशाने लिहितो:
एकेचाळीस. छप्पन्न. त्रेसष्ट.
आमसुलं वाळत, चार दिवस बंद.
पुन्हा अठ्ठेचाळीस.
गडग्यापलीकडून रुजार विचारतो, मॅच कोणाबरोबर?
अजून ठरायचंय, मी सांगतो.

आज शनिवार, नवं सारवण.
कोळशाचे आकडे तिने पुसले नाहीत,
पण ते जुन्या जमिनीचे.
करवंटीत शेण जाऊ नये म्हणून
तोंडावर फणसाचं पान ठेवलंय.
वाळेपर्यंत पाऊल टाकायचं नाही.

मी पडवीत, पुटर मांडीवर आडवा,
ओले फेर वाचत बसलोय.
मधोमध नेहमीचे.
माडाकडे जरा घाईचे.
आणि करवंटीजवळ हातभर जागेत
उलटे. उजवीकडे वळलेले.
तिथे तिने डावा हात लावलाय.

म्हणजे मनगट दुखतंय.
बोललीये कुठे.

मी उठतो, चुलीवर पाणी ठेवायला,
मागच्या दाराने,
कडेकडेने.