तक्रारवही

कोविल्याँ गावात रस्ता एक तर चढतो, नाहीतर उतरतो.
टाचा लवकर झिजतात इथे.
दियोलिंदा फ्राझाँनं जोडे दुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हा
तिच्याकडे भावाचा लोखंडी पाय होता, ज्यावर जोडा ठोकतात,
दोन रापी, मेणाचा दोरा,
आणि लोकरीची गिरणी बंद पडली तेव्हा हातावर टेकवलेले पैसे.
कागद एकही नव्हता.
कातडं ओळखते मी, म्हणाली. आणखी काय लागतं?

मी हिशेबनीस. अकरा दुकानांचे कागद
माझ्या कपाटात झोपतात.
मी बोटं मोजायला घेतली:
कर-क्रमांक. विमा. दारावर वेळ, आणि त्या वेळेला उघडं दार.
भाव भिंतीवर लिही,
गिऱ्हाइकाचा कोट बघून ठरवू नकोस.
आग विझवायच्या नळकांड्यालाही वाढदिवस असतो, तो पाळ.
घरचे बटाटे दुकानाच्या गल्ल्यातून नाहीत.
डबे दोन, किल्ल्या दोन,
आणि एका डब्यानं दुसऱ्याकडून उसनं घेतलं
तर चिठ्ठी लिहून.

मग मी काउंटरवर लाल वही ठेवली.
तक्रारवही. कुणी मागितली की त्याच क्षणी द्यायची.
उद्या या, असं नाही.
मालकीण बाहेर गेलीय, असं तर नाहीच नाही.
सासूनं आहेरात छडी पाठवावी
तसं तिनं वहीकडे पाहिलं.
विकत घ्यायची? माझ्याच चहाड्यांसाठी?
हो. आणि पावती जपून ठेव.

चार वर्षं वही कोरी.
रोज सकाळी ती तिच्यावरची धूळ पुसायची,
लोक बक्षिसाची ढाल पुसतात तशी.

मग डोंगरावरून बाल्बीनू उतरला, मेंढ्या राखणारा.
भाचीच्या लग्नात, चर्चच्या तिसऱ्या पायरीवर
त्याची टाच निघून घरंगळत गेली होती
थेट वाजंत्र्यांपर्यंत.
वही, तो म्हणाला.
तिनं दिली. त्यानं उघडली, पेन धरलं,
काठी धरतात तसं,
आणि थांबला.
चष्मा घरी राहिला.
चष्मा खिशातून डोकावत होता.

नियम मीच सांगितला होता, शेवटून दुसरा,
ती जांभई देत होती तेव्हा:
ज्याला लिहिता येत नाही
त्याची तक्रार दुकानदारानं लिहायची, तो सांगेल तशी.

तिनं स्टूल ओढलं.
माझा चष्मा आहे की, म्हणाली. सांगा.
टाच निघाली. लिहिलं.
सगळ्यांच्या देखत. लिहिलं.
काम वाईट.
पेन अडलं. वाईट, की फार वाईट?
कळप आत घेताना मोजतात तेवढा वेळ त्यानं घेतला.
वाईट. फार नाही. दुसरी टाच टिकली.
तिनं तेही लिहिलं,
मग सगळं वाचून दाखवलं, एक शब्द न गिळता.
त्यानं खाली फुली मारली, टाक्यासारखी.

प्रती तीन.
एक सरकारकडे, कामाच्या पंधरा दिवसांत.
एक त्याच्या खिशात, चष्म्याशेजारी.
एक वहीतच, तिच्याच अक्षरात तिच्याच विरुद्ध.

संध्याकाळी तिचा फोन: पाकिटाला तिकीट किती लावायचं?
मी विचारलं, खुलासा काय दिलास?
खिळे आखूड होते, म्हणाली.
भावाच्या डब्यातले संपले, म्हणून स्वस्तातले आणले.
अगं, असं लिहायचं नसतं, आधी मला...
लिहून झालं.
आणि त्याची टाच?
ती तो बसलेला असतानाच लावली. लांब खिळ्यांनी.

आता नवं दुकान काढणारं कुणी आलं
की मी यादी उलटी धरते,
शेवटून दुसरा नियम सगळ्यात आधी सांगते.

नळकांड्याचा वाढदिवस मात्र
दियोलिंदा यंदाही विसरली.