शून्य

सित्राकडे जाणाऱ्या पुलाच्या पोटात
वाकूनच चालावं लागतं.
पुढे डंबर, हेल्मेटवर दिवा.
मागे मी, लॅपटॉप छातीशी धरून.
ऑगस्ट. रात्रीचे दोन.
काँक्रीट अजून गरम,
भाकऱ्या संपल्यावर तवा राहतो तसं.

डोक्यावरून ट्रेलर जातो
ते आधी तळपायांना कळतं, कानांना मागाहून.
मग पडद्यावरची रेघ जराशी उठते
आणि बसते पुन्हा.
बाकावरच्या माणसाने दुसऱ्यासाठी सरकावं,
तेवढीच हालचाल.

एक्केचाळीस नंबर मात्र आठ दिवस बसत नव्हता.
रोज थोडा वर. अजून थोडा वर.
अब्बास म्हणाला, पूल काहीतरी सांगतोय.
मनामाहून ईमेल आले, लाल अक्षरांतले.
एक मार्गिका बंद केली,
गाड्यांची रांग थेट रिफायनरीच्या ज्वाळेपर्यंत,
आणि सगळे हॉर्न जणू माझ्याच नावाने.

डंबरने वाकून दिवा जवळ नेला.
"मॅडम, ये तो छूट गया है."
नखाएवढी पट्टी, एका कोपऱ्यातून उचकटलेली,
गोंद उष्म्याने पिवळा पडलेला.
पूल होता तसाच होता.
सुटलं होतं ते मोजणारं.

मी हसले.
हसू पोकळीतून नवव्या खांबापर्यंत गेलं
आणि जरा उशिराने परत आलं,
दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.

नवी पट्टी लावायला वीस मिनिटं.
घासा, पुसा, चिकटवा, अंगठा दाबून धरा.
दाबता दाबता डंबर मुलीबद्दल बोलतो.
बाग्लुंगला असते. तिला दात आले,
ते त्याने फोनवर मोजले : वर दोन, खाली चार.
मग मी बटण दाबते. शून्य.

एक गोष्ट अहवालाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही :
पट्टी मोजते ते फक्त ती लागल्यानंतरचं.
त्याआधी पुलाने जे पेललं,
एकोणतीस वर्षांची रहदारी, मीठ, भरती-ओहोटी,
आणि सर्वांत जड, स्वतःचंच वजन,
ते तिच्या लेखी घडलेलंच नाही.

अब्बास ओळखतो ती मी
साडेचार वर्षांची आहे.
विमानतळावर शिक्का बसला, तिथून मोजणी सुरू.
त्याआधीची एकतीस परभणीला.
कुणी विचारली नाहीत.
मीही कधी काढली नाहीत.

झडपेतून बाहेर आलो तर
खाली कुणी मासेमार जाळीचे पिंजरे होडीत रचत होता,
एकात एक, आवाज न करता.
मार्गिका उघडली.
पहिला आला पाण्याचा टँकर, काठोकाठ भरलेला.
रेघ उठली.
"बैठा?" डंबरने विचारलं.
थांब, म्हटलं.
बसली.

वरच्या ओल्या लेपावर
त्याच्या अंगठ्याचा ठसा राहून गेलाय,
रेषान् रेषा स्पष्ट.
नियमाने तो पुसायचा असतो.
मी नोंदीत लिहिलं : पृष्ठभाग स्वच्छ.